नाव आधी, किंमत नंतर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत समुद्रमार्गांची एक पुस्तिका लिहिली गेली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती आज ओळखली जाते. लिहिणारा कोण होता, ते नाव मात्र काळाने पुसलं. भडोचच्या बंदरात दख्खनचा माल कुठून येतो, हे सांगताना तो दोन शहरांची नावं घेतो. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवस गेलं की तगर, फार मोठं शहर. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगरचं कापड, साधं तसंच मलमलीचं, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येई.

पुढे टॉलेमीने तगरचं नाव घेतलं. कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. नाव जिवंत राहिलं, त्याचा दरारा राहिला, पण ते नाव जमिनीवरच्या कोणत्या ठिकाणाचं हेच लोक विसरले. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांसमोर ‘तगर’ हा शब्द आला तो असा: नाव आहे, किंमत नाही.

किंमत हा शब्द इथे शाळेतल्या बीजगणितातला आहे. ‘क्ष ची किंमत काढा’ यातला. आणि हा लेख आहे संगणकाच्या भाषांमधल्या एका अद्भुत सोयीबद्दल: नावाला किंमत नसतानाही ते नाव घेऊन गणित करत राहायचं, काम चालू असतानाच नवं नाव तयार करायचं, आणि हवं तेव्हा, हवी ती किंमत त्याला द्यायची. ही सोय समजून घ्यायला आजचा धाराशिव जिल्हा मला जगातल्या सर्वांत चांगल्या जागांपैकी एक वाटतो. त्याची कारणं पुढे येतीलच.

संगणकाच्या बहुतेक भाषांना किंमत नसलेलं नाव चालत नाही. तुम्ही ‘क अधिक क’ असं लिहिलंत आणि क ला आधी काही दिलेलं नसेल, तर यंत्र तिथेच थांबतं आणि चूक दाखवतं. ते बरोबरच आहे. त्या भाषांच्या लेखी नाव म्हणजे स्मृतीतल्या एका जागेचा पत्ता, आणि तिथे काही ठेवलेलंच नसेल तर उचलायचं काय?

सिम्बॉलिक भाषा म्हणतात त्या, चिन्हांशी खेळणाऱ्या भाषा इथे थांबत नाहीत. मॅक्सिमा नावाची प्रणाली घ्या. तिला ‘क + क’ विचारा. ती शांतपणे उत्तर देते: २क. क म्हणजे काय हे तिला माहीत नाही, आणि त्याची तिला गरजही नाही. (क + १) चा वर्ग विस्तारून मागा, ती क² + २क + १ देते. तिच्या लेखी क हे नाव स्वतःच एक वस्तू आहे. हातात धरता येते, बेरजेत घालता येते, दुसऱ्याला देता येते.

यात काय मोठंसं, असं वाटत असेल तर पेरिप्लसकडे पुन्हा बघा. एका दिवसाची वाट म्हणजे किती अंतर, हे तो लेखक सांगत नाही. तेव्हा त्याला क म्हणू. भडोच ते पैठण २०क, पैठण ते तगर १०क. क ठाऊक नाही, तरी एका अंतराला दुसऱ्याने भागलं की क निघून जातो आणि उरतात दोन. म्हणजे पैठणपासून भडोच जितकं दूर, त्याच्या निम्म्यावर तगर. आता नकाशा काढा. भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा तगर पैठणपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असायला हवं. दोन हजार वर्षांपूर्वीचा बैलगाडीवाला दिवसाला किती चालायचा, हे न कळताच आपण इथवर आलो! अज्ञात राशीला अज्ञातच ठेवून पुढे जाण्याची ताकद ती हीच.

ही ताकद आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती, आणि तिचा एक थोर आचार्य याच दख्खनचा. भास्कराचार्य सन १११४ मध्ये जन्मले. त्यांच्या ‘लीलावती’त इष्टकर्म नावाची एक रीत आहे. एक संख्या, तिची निमपट आणि पावपट मिळून ३५ होतात, तर ती संख्या कोणती? इष्टकर्म सांगतं, मनाला येईल ती संख्या धरा. चार धरू. चार, दोन आणि एक मिळून सात. हवे होते पस्तीस, म्हणजे पाचपट. तेव्हा उत्तर चाराची पाचपट, वीस. इथे अज्ञाताला लगेच एक खोटी किंमत दिली, हिशेब केला आणि नंतर ती दुरुस्त केली. ‘बीजगणित’ या ग्रंथात मात्र वाट निराळी आहे. तिथे अज्ञाताला नाव मिळतं, यावत्तावत्, आणि लिहिताना नुसतं ‘या’. ज्ञात संख्येसाठी ‘रू’. अज्ञात एकाहून जास्त असतील तर रंगांची नावं येतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. रंगांनी अज्ञात ओळखण्याची ही पद्धत त्यांच्याही आधीची, सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताकडे ती दिसते. समीकरण सुटेपर्यंत ‘या’ हा ‘या’च राहतो. शेवटी त्याचं मान निघालं की ते जागोजाग घालायचं. या घालण्याला ग्रंथात उत्थापन म्हटलं आहे. लीलावतीतली ती रीत आकड्यांची आणि बीजगणितातली ही चिन्हांची. आजच्या संगणकभाषांमधला जो मोठा भेद आहे, तो बाराव्या शतकात एकाच माणसाच्या दोन ग्रंथांत शेजारी शेजारी उभा आहे, हे पाहिलं की ऊर भरून येतो.

(जाता जाता: भास्कराचार्य आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचं. हे गाव कोणतं यावर अजून एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कोरवलेला लेख आहे, त्यात आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचं सांगितलं आहे; म्हणून पुष्कळजण पाटणकडे बोट दाखवतात. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड. अज्ञातांना नावं देणाऱ्या आचार्यांचं गावच असं नावापुरतं उरलं.)

संगणकाच्या भाषेत ही गोष्ट रुजवली जॉन मॅकार्थी यांनी. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत त्यांनी लिस्प भाषेवर काम सुरू केलं. आकड्यांऐवजी चिन्हांवर हिशेब करणारं यंत्र त्यांना हवं होतं; बीजगणितातल्या पदावलीचं विकलन यंत्राने स्वतः करावं, ही सुरुवातीच्या उदाहरणांतली एक इच्छा. १९६० च्या निबंधात त्यांनी लिस्पमध्येच लिस्पचा अर्थ लावणारी एक व्याख्या लिहिली. ती कागदावरच राहायची होती. त्यांचा तरुण सहकारी स्टीव्ह रसेल याच्या लक्षात आलं की हीच व्याख्या यंत्राच्या भाषेत उतरवली तर आयबीएम ७०४ वर प्रत्यक्ष चालेल. त्याने ती उतरवली आणि लिस्प चालू लागली.

लिस्पमध्ये प्रत्येक चिन्ह ही एक स्वतंत्र वस्तू. तिला नाव असतं, तिला किंमत असू शकते किंवा नसूही शकते, शिवाय तिच्याबरोबर गुणधर्मांची एक यादीही ठेवता येते. आता प्रश्न असा येतो की किंमत द्यायची कशी. ‘गाव या नावाला दहा दे’ असं यंत्राला सांगितलं, तर यंत्राने ‘गाव’ हा शब्द वाचून काय समजायचं? गाव हे नाव, की गाव या नावाची सध्याची किंमत?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. उजवीकडे लिहिलेलं नाव यंत्र नेहमी किमतीने बदलतं. ‘क + १’ म्हटलं आणि क चार असेल तर उत्तर पाच. मग डावीकडे, जिथे किंमत द्यायची आहे तिथेही नाव किमतीने बदललं तर? क ला आधीच चार दिलेले असतील आणि आता सात द्यायचे असतील, तर यंत्र ‘चाराला सात दे’ असं वाचेल. चाराला सात कसं देणार! म्हणून डावीकडच्या नावाला सहसा हात लावायचा नाही, ते जसं आहे तसं घ्यायचं, असा संकेत ठरला. लिस्पमध्ये यासाठी एकेरी अवतरणचिन्ह आहे. नावाआधी ते लावलं की अर्थ: किंमत काढू नकोस, नावच घे. किंमत देण्याची मूळची आज्ञा ‘सेट’. ती डावीकडची किंमत काढते, म्हणून तिथे नावाआधी अवतरणचिन्ह लावावं लागे. ते सतत लावायचा कंटाळा येतो, म्हणून दुसरी आज्ञा आली, ‘सेट-क्यू’. तो क्यू अवतरणाचा. चिन्ह आतच लावलेलं.

रोजच्या कामाला सेट-क्यू पुरते. पण जादू आहे ती जुन्या ‘सेट’मध्ये. कारण डावीकडची किंमत काढली जाते, याचा अर्थ डावीकडे नुसतं नाव असण्याची गरज नाही. तिथे हिशेब असू शकतो! ज्याचं उत्तर एखादं नाव येईल असा कोणताही हिशेब. कोणत्या नावाला किंमत द्यायची, हे आज्ञा लिहिणाऱ्याला आधी माहीत असायला नको. ते चालू कामात ठरेल.

मॅक्सिमात हा भेद डोळ्यांना दिसतो, म्हणून मला ती आवडते. तिथे एक अपूर्णविराम म्हणजे साधं देणं, दोन अपूर्णविराम म्हणजे डावीकडचा हिशेब करून मग देणं. नावं आणि आज्ञा इथे वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहितो.

गाव : 'तेर
गाव :: १०

पहिल्या ओळीने गाव या नावाची किंमत झाली ‘तेर’ हे नाव. आकडा नव्हे, नाव. दुसऱ्या ओळीत दोन अपूर्णविराम आहेत, म्हणून यंत्र आधी गावची किंमत काढतं, हाती येतं तेर, आणि दहा जातात तेरला. आता गाव विचारलं तर उत्तर तेर. तेर विचारलं तर उत्तर दहा. एका नावाने दुसऱ्या नावाकडे बोट दाखवलं आणि किंमत त्या बोटाच्या दिशेने गेली. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा खुर्चीत नीट सावरून बसावंसं वाटतं.

आता पुढची पायरी, नवी नावं चालू कामात घडवण्याची. हिच्यासाठी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला संगणक शिकवावा लागणार नाही, त्याच्या घरात सातबारा आहे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि भोगवटादाराचं नाव असतं. गट नंबर हे आपलं नाव, भोगवटादार ही त्याची किंमत. जमीन विकली, वारस लागले, की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि भोगवटादार बदलतो. गट नंबर तोच. हे झालं साधं देणं, एका अपूर्णविरामाचं. पण तीन भावांत वाटणी झाली तर? गट १४२ चे १४२/१, १४२/२, १४२/३ होतात. ही नावं आधी कुणी लिहून ठेवलेली नव्हती. भाऊ किती, वाटण्या किती, हे गटवारी झाली तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या नावाला आकडा जोडून नवं नाव करायचं हा नियम तेवढा ठरलेला होता. नियम आधी, नावं गरज पडेल तशी, आणि प्रत्येक नव्या नावाला त्याची त्याची किंमत. सिम्बॉलिक भाषेतली गतिमान नेमणूक म्हणजे नेमकं हेच.

मॅक्सिमात नाव आणि आकडा जोडण्याची आज्ञा आहे कॉन्कॅट.

फॉर क : १ थ्रू ५ डू कॉन्कॅट('गट, क) :: क^२

एवढ्या एका ओळीने गट१ ते गट५ अशी पाच नावं जन्माला येतात आणि त्यांना १, ४, ९, १६, २५ अशा किमती मिळतात. मग गट४ विचारा, उत्तर १६. पाचाच्या जागी पाच हजार लिहिलं तर पाच हजार नावं. लिहिणाऱ्याने ‘गट३७१२’ हे नाव कधीच लिहिलं नाही, तरी ते आहे, आणि त्याला किंमत आहे.

त्या ओळीतलं गटच्या आधीचं अवतरणचिन्ह विसरू नका. ते नसेल आणि गट या नावाला आधीच समजा ७ दिलेले असतील, तर यंत्र नाव न जोडता सातालाच आकडा जोडायला जाईल, आणि हाती नावाऐवजी निव्वळ अक्षरांची ओळ येईल. तिला किंमत देता येणार नाही. तसंच, क्ष ला ५ दिलेले असताना ‘क्ष :: ७’ लिहिलंत तर मॅक्सिमा सरळ सांगते की पाचाला काही देता येत नाही. नवशिक्यांची इथे हमखास गाडी अडते. त्यावर औषध एकच: प्रत्येक ओळीपुढे क्षणभर थांबून विचारायचं, इथे मला नाव हवंय की किंमत?

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. नावं घडवता येतात म्हणून घडवत सुटू नये. नुसत्या पाच हजार किमती ठेवायच्या असतील तर एका नावाखाली क्रमांक लावून ठेवाव्यात, गट[१], गट[२] अशा. शोधायला, मोजायला, पुसायला ते सोपं. नवं नाव घडवावं ते त्या नावाचं स्वतःचं काही काम असेल तेव्हा: समीकरणात ते अज्ञात म्हणून उभं राहणार असेल, उत्तरात तेच दिसायला हवं असेल. सातबाऱ्याच्या कागदात आणि यंत्रात एक फरकही आहे. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, फेरफाराचा नंबर पडतो, इतिहास कागदावर राहतो. यंत्र जुनी किंमत ठेवत नाही. नवी आली की जुनी गेली. हवी असेल तर आपण आधीच दुसऱ्या नावाखाली ठेवायची.

आता जिल्ह्याचंच नाव घेऊ. १९८१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद जिल्हा आणि १९९१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद जिल्हा, नाव एकच. पण मधे, ऑगस्ट १९८२ मध्ये, लातूर जिल्हा वेगळा झाला. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हा सगळा मुलूख आधीच्या नावात होता, नंतरच्या नावात नाही. नाव तसंच, किंमत बदलली. पुढे उलट घडलं. शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये घेतला, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली. रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला २०२५ उजाडलं. या वेळी तालुके तेच, शिवार तेच, माणसं तीच. किंमत तशीच, नाव बदललं. आणि या सगळ्यात गाड्यांच्या पाटीवरचं एमएच-२५ हललं नाही. नाव आणि किंमत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा जिल्हा मला माहीत नाही.

जुन्या जनगणनेचे आकडे वापरणाऱ्या अभ्यासकाला मग एक प्रश्न छळतो. ‘उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या’ असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर ती लिहिण्याच्या दिवशीची किंमत धरायची की वाचण्याच्या दिवशीची? हाच प्रश्न यंत्रालाही पडतो, आणि उत्तर भाषेगणिक वेगळं आहे.

क ला ४ देऊन ‘अ : क + १’ लिहिलं, की हिशेब तिथल्या तिथे होतो आणि अ मध्ये ५ बसतात. नंतर क ला १० दिलेत तरी अ पाचच. छापून झालेल्या जनगणनेसारखं, ते आता हलायचं नाही. याउलट ‘ब() := क + १’ असं लिहिलं तर हिशेब होत नाही, हिशेबाची रीत ठेवली जाते. ब() केव्हाही विचारा, क ची त्या घडीची किंमत घेऊन उत्तर येईल, आता अकरा.

आणि यांच्या मधली, खरी गमतीची अवस्था: अ ठरवला तेव्हा क ला किंमतच नव्हती. मग अ मध्ये ‘क + १’ ही पदावली जशीच्या तशी राहते. आता क ला १० द्या आणि अ विचारा. मॅक्सिमा म्हणते, क + १. तिने अ ची किंमत एकदा काढली, तिथे पदावली मिळाली, काम संपलं. त्या पदावलीच्या आत जाऊन ती पुन्हा विचारत नाही. विचारायला लावायचं असेल तर नावाआधी दोन एकेरी अवतरणचिन्हं लावायची, मग उत्तर अकरा. हाच प्रश्न मॅथेमॅटिका या १९८८ मध्ये आलेल्या प्रणालीला विचारा, ती न सांगताच अकरा देते. कारण ती उत्तरात आणखी काही बदलण्यासारखं उरत नाही तोवर किंमत काढतच राहते. दोन्ही प्रणाली बुद्धिमान माणसांनी घडवल्या, दोघींची उत्तरं वेगळी आणि दोघी आपापल्या जागी बरोबर. मला स्वतःला मॅक्सिमाचा संयम जास्त पटतो. पदावली हातात राहते आणि ती कधी उलगडायची हे मी ठरवू शकतो.

किंमत कायमची देण्याऐवजी तेवढ्यापुरतीही देता येते. ‘क्ष पाच असता ही पदावली काय होते?’ असं विचारायचं, उत्तर घ्यायचं. क्ष पुन्हा मोकळाच. तगरचा शोध अगदी असाच चालला होता. विल्फर्ड यांनी म्हटलं, तगर म्हणजे देवगिरी समजू. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बीडकडच्या धारूरचा विचार मांडला. प्रत्येक वेळी तगरच्या जागी एक नाव ठेवून पेरिप्लसचं वाक्य पारखायचं: पैठणच्या पूर्वेला आहे का? पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे का? देवगिरी पैठणच्या उत्तरेला आणि अगदी जवळ. जुन्नरचं अंतर छान जमतं, पण ते पश्चिमेला. धारूरची दिशा बरी, अंतर कमी पडतं. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तेरचं नाव मांडलं. धाराशिवच्या ईशान्येला, तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांच्या समाधीचं तेर. पैठणपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, म्हणजे पावणेदोनशेच्या बरंच जवळ. दिशा काटेकोर पूर्व नाही, आग्नेयेची आहे. पण बाकी सगळं जुळत होतं, नावसुद्धा, कारण प्राकृतात मधला ग झिजून तगरचं तयर आणि तेर व्हावं हे भाषेच्या चालीला धरून होतं.

नंतरच्या उत्खननांनी त्यावर शिक्का मारला. तेरच्या मातीतून सातवाहन काळाची वस्ती वर आली, रोमन जगाशी व्यापार असल्याच्या खुणा मिळाल्या. तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तेरचा हा ठेवा पाहायला मिळतो. त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होतं असं मानलं जातं, ते आजही उभं आहे. किमतीविना शतकानुशतकं फिरत राहिलेल्या एका नावाला त्याची किंमत मिळाली, ती अशी भरभक्कम मिळाली.

या सगळ्यात एक मुद्दा निसटू नये. त्या अभ्यासकांना ‘तगर’ हे नाव किंमत नसताना वापरता आलं म्हणूनच शोध पुढे सरकला. ‘ठाऊक नाही, तेव्हा थांबा’ असं ते म्हणाले असते, तर पेरिप्लसमधलं ते वाक्य नुसतं कुतूहल म्हणून राहिलं असतं. त्यांनी नाव धरून ठेवलं, त्याच्याभोवती अंतरं, दिशा, कापड, राजांच्या पदव्या अशी अटींची जाळी विणली आणि जागा त्या जाळीत आपोआप येईल असं पाहिलं. मॅक्सिमाला एखादं समीकरण सोडवायला देता तेव्हा ती वेगळं काही करत नाही.

मॅक्सिमाबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्या आईपासून सुरुवात करू: १९६८ पासून एमआयटीत लिस्पमध्ये मॅकसिमा नावाची मोठी प्रणाली लिहिली गेली, आणि तिची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे होती. टेक्सासमधले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी ती प्रत १९८२ पासून एकट्याने सांभाळली, दुरुस्त केली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली; तीच आजची मॅक्सिमा. २००१ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. ती फुकट आहे, जुन्या साध्या संगणकावरही चालते, आणि ‘क + क’ला २क म्हणते.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परांडा, भूम, वाशी, लोहारा: या आठही तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत गणित आणि संगणक शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. चल म्हणजे आकडा ठेवायचा डबा, असं पहिल्याच तासाला मुलांना सांगू नका. रिकामा डबा उघडून काही मिळत नाही. रिकाम्या नावाने मात्र कितीतरी गणित होतं. एका संगणकावर मॅक्सिमा बसवा. मुलांना आधी किंमत न दिलेलं नाव वापरू द्या, मग एका अपूर्णविरामाने किंमत देऊ द्या, मग दोन अपूर्णविरामांनी. आणि त्यांच्या घरच्या सातबाऱ्यावरचे पोटहिस्से त्यांना स्वतः, एका ओळीत, घडवू द्या.